आणता वारा

३ मार्च, मंगळवार

पोचलो एकदाचा. होडीतून उतरताना गुडघ्याने कुरकुर केली, ती सोडली तर प्रवास झकास झाला. मालकीणबाई स्वतः धक्क्यावर आल्या होत्या. साठीच्या, काटकुळ्या, उन्हाने रापलेल्या, आणि एकदा बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. माझी बॅग मला उचलू दिली नाही. म्हणाल्या, तुमचा गुडघा मला सगळा हंगाम वापरायचाय, पहिल्याच दिवशी मोडून कशाला ठेवू.

बेट एवढंसं आहे. स्कूटरवर बसलं की चाळीस मिनिटांत वळसा घालून निघालो तिथेच परत. खोली वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली. लोखंडी खाट, टेबल, एक खिडकी पश्चिमेला आणि एक दक्षिणेला. खाटेची एक पट्टी सैल आहे, कूस बदलली की करकरते. मी काही फार कुशी बदलणारा माणूस नाही. पडलो की मेलो, हिच्या भाषेत.

हिनेच धाडलं म्हणायचं. बारा वर्षं गोदामातल्या टेबलाशी बसून काढली, गोदाम बंद झालं, आणि मी घरात ओल्या पोत्यासारखा पडून राहायला लागलो. शेवटी ती म्हणाली, तुला समुद्राशिवाय दुसरं काय येतं, जा बाबा. आलो. आता बघू.

४ मार्च, बुधवार

काम समजून घेतलं. तसं जुनंच आहे, फक्त मी गंजलोय.

पाहुणे येतात ते काईटसर्फिंगच्या सुट्टीला. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, हातात दांडी आणि वर आभाळात खोलीएवढी काईट. वारा ओढेल तसं पाण्यावरून पळायचं. बेटाला चार दिशांना चार किनारे: दिव्याचा पश्चिमेला, मिठाचा पूर्वेला, धक्क्याचा दक्षिणेला, शिंपल्यांचा उत्तरेला. आज कुठल्या किनाऱ्यावर जायचं ते रोज सकाळी कुणीतरी ठरवायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

नियम एकच. वारा समुद्राकडून जमिनीकडे येत असला पाहिजे, थोडा तिरका असेल तर उत्तमच. त्याला आमच्यात आणता वारा म्हणतात. माणूस दमला, दोर तुटला, फळी सुटली, काहीही झालं तरी तो आणून किनाऱ्याला टाकतो. उलटा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, तो नेता वारा. नेत्याच्या मागे गेलेला परत येत नाही, हे काही पाण्यावरच खरं आहे असं नाही.

चारही किनाऱ्यांवर एकेक खांब आणि खांबाला लाल लोकरीचा दोरा. सहा वाजता स्कूटर काढायची, चारही दोरे डोळ्यांनी बघायचे. जिथला जमिनीकडे ताणलेला, त्या किनाऱ्याचं नाव अंगणातल्या फळ्यावर खडूने लिहायचं. पाण्यात जाणाऱ्याने फळ्याशेजारच्या खिळ्यावरून आपल्या नंबराचा पितळी बिल्ला काढून गळ्यात घालायचा, आला की परत अडकवायचा. संध्याकाळी सगळे बिल्ले जागेवर दिसले की फळा ओल्या फडक्याने पुसायचा. मालकीणबाईंनी हे तीनदा बजावलं. कोरा फळा म्हणजे बंद. रात्री फळ्यावर नाव राहता कामा नये.

मी म्हटलं, ते मला सांगायला नको.

हाताखाली एक जण आहे, काईटी फुगवतो, शिवतो, मोटारबोटही चालवतो. सगळे त्याला फुगा म्हणतात, आणि पोट पाहिलं की का ते विचारावं लागत नाही. दिवसभर खातो आणि दिवसभर भूक लागल्याचं सांगतो. आमचं जमेल.

६ मार्च, शुक्रवार

पश्चिमेचा वारा, दिव्याचा किनारा. अकरा पाहुणे पाण्यात. मी वाळूत खुर्ची टाकून मोजत बसलो. जुनी सवय, दर दहा मिनिटांनी आपोआप मोजणी होते. अकरा, अकरा, अकरा, बारा.

काईटी पुन्हा मोजल्या. बाराच. बारावी फार लांब होती, जवळजवळ आभाळाच्या कडेला, टिकलीएवढी. फुग्यालाही दिसली. एखाद्या शिडाच्या बोटीवरून कुणीतरी उतरलं असेल म्हणाला, आणि केळं सोलायला लागला. दुसऱ्या कुणाला दिसली म्हणून जीव भांड्यात पडला. संध्याकाळी अकरा गेले, अकरा आले. बिल्ले जागेवर. फळा पुसला.

थकलोय. बारा वर्षं खुर्चीवर बसलो म्हणून थकायची सवय गेलेली नाही.

८ मार्च, रविवार

वारा उत्तरेला फिरला, म्हणून शिंपल्यांचा किनारा. नऊ जण पाण्यात आणि दहावी काईट लांब. त्या दिवशीपेक्षा जवळ. रंग कळला, केशरी, उन्हाने उडालेला.

बोट कुठे दिसली नाही. फुग्याला विचारलं तर म्हणाला, असेल पलीकडे. कसल्या पलीकडे? पलीकडे पाणीच आहे.

९ मार्च, सोमवार

चिऊचा फोन. माझी लेक. परीक्षा संपली, गुरुवारच्या होडीने येते म्हणाली, आठवडाभर राहणार, आणि बाबा, रोज पाण्यात जाणार हं. एकवीस वर्षांची झाली तरी बोलते आठ वर्षांच्या पोरीसारखं. खूप आनंद झाला. लगेच जाऊन तिच्यासाठी नऊ नंबरचा बिल्ला घासूनपुसून ठेवला. नऊ तिचा लहानपणापासूनचा.

काईट तिला माझ्या धाकट्या भावाने शिकवली. मी शिकवायचो तर दोघंही रडायचो. धाकट्याकडे ते होतं, तो हसत हसत शिकवायचा. ती नऊ वर्षांची असताना तो पाण्यात गेला, तो ना त्याची काईट, काही परत आलं नाही. आम्ही दोघं तेव्हा दुसऱ्या एका किनाऱ्यावर हेच काम करायचो, मी फळा लिहायचो, तो शिकवायचा. आमच्या घरात ती गोष्ट अशी सांगतात: सकाळी सहाला दादाने स्वतः दोरा बघितला होता, वारा आणता होता, मग तासाभरात अचानक फिरला. त्याला कोण काय करणार.

असं सांगतात.

१० मार्च, मंगळवार

आज पुन्हा पश्चिम, दिव्याचा किनारा. फुग्याची दुर्बीण घेऊन गेलो होतो.

केशरी काईट. उजव्या पंखावर काळं ठिगळ, तिरकं, वितीएवढं.

ते छत्रीचं कापड आहे, धाकट्याच्या काईटीवरचं. काईटीचं कापड संपलं होतं म्हणून मी माझी जुनी छत्री फाडली आणि शिडाच्या दोऱ्याने दुहेरी टीप घातली. धाकटा आठवडाभर हसत होता, म्हणत होता, दादा, पाऊस आला तर तेवढा कोपरा कोरडा राहील. जगात दुसऱ्या कुठल्या काईटीला छत्रीचं ठिगळ नसेल.

दुर्बीण फुग्याला परत दिली. काय दिसलं विचारत होता. काही नाही म्हटलं.

११ मार्च, बुधवार

रात्री झोप आली नाही. खाटेची पट्टी करकरत राहिली.

सकाळी फेरी मारताना चारही किनाऱ्यांवर थांबून समुद्र नीट बघितला. कुठेच काही नाही. मिठाचा किनारा लिहिला, पाहुण्यांना घेऊन तिथे गेलो. तासाभरात केशरी हजर. फुग्याला मुद्दाम उरलेल्या तीन किनाऱ्यांवर पाठवलं, त्याला तिथे काही दिसलं नाही. म्हणजे मी ज्याचं नाव लिहितो तिथेच ती येते.

बरोबरच आहे. आणता वारा आणतो. काय आणायचं आणि काय नाही, हे आपण त्याला कधी सांगितलंय?

आता लिहूनच टाकतो. कुणी वाचणार नाही, आणि मनात ठेवायचा कंटाळा आलाय. बारा वर्षं ओझं वाहून खांदे गेलेत.

त्या सकाळी मी दोरा बघितला नव्हता. मी झोपलो होतो. आदल्या संध्याकाळी दमलो होतो, वारा चार दिवस एकाच दिशेचा होता, म्हणून उद्याही तोच असणार असं धरून फळा पुसलाच नाही, नाव तसंच ठेवलं. दहाला उठलो. वारा रात्रीतच फिरला होता. धाकट्याने नाव वाचलं, नेहमीप्रमाणे त्याखाली खडूने बोटभर पतंग काढला (त्याची खूण: वाचलं, निघालो), आणि गेला. दादाने लिहिलंय म्हटल्यावर तो कशाला दोरा बघतोय.

सगळ्यांना सांगितलं की मी सहाला जाऊन आलो होतो. चौकशीला आलेल्यांना, आईला, हिला, चिऊला. वाऱ्यावर आळ घातला. वारा काय बोलणार आहे.

१२ मार्च, गुरुवार

चिऊ आली. उंच झालीये का बारीक, कळत नाही. धक्क्यावरच गळ्यात पडली आणि म्हणाली मी थकलेला दिसतो. मालकीणबाईंशी दहा मिनिटांत गट्टी. फुग्याच्या डब्यातलं खाऊन त्याचीही लाडकी झाली.

जेवताना मालकीणबाई तिला चेष्टेने म्हणाल्या, की पाण्यात जाण्यापूर्वी आपणही एकदा दोरा बघावा, माणसाचा काय भरवसा. चिऊने ताडकन सांगितलं की बाबांनी फळा लिहिला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ; काकाच्या वेळीसुद्धा त्यांनी पहाटे जाऊन बघितलं होतं. मान ताठ करून, अभिमानाने.

तिला सांगायला हवं. खरं सांगायला हवं.

गुडघा दुखतोय, डोळे चुरचुरताहेत. उद्या सांगेन.

१३ मार्च, शुक्रवार

पश्चिम. दिव्याचा किनारा. चिऊ पाण्यात गेली, मी दुर्बीण सोडली नाही. तिची हिरवी काईट इतरांच्या पुढे, पुढे. केशरी तिच्याकडे वळली. मी शिट्टी फुंकली, लाल निशाण हलवलं. दोन काईटी शेजारी शेजारी बराच वेळ. मग हिरवी परत फिरली.

आली ती हसत, ओठ निळे. सांगत होती, बाबा, काय सुंदर चालवतो तो माणूस, एकही थेंब उडत नाही. हेल्मेट होतं, ऊन डोळ्यांवर, चेहरा काही दिसला नाही. दांडी धरायची तिची पद्धत त्याने ओळखली म्हणे, अंगठा वर ठेवतो आम्ही, घरातले सगळे. मग एक निरोप दिला. विचित्रच बोलला, बाबा, म्हणाली, त्याला तूच हवा असशील असं वाटलं, पण मला काही कळलं नाही.

तो म्हणाला, "दादा सकाळी अजून झोपतो का?"

खांब धरून उभा राहिलो. चिऊ विचारत होती, कोण आहे तो, कोण. मी म्हटलं, जुना ओळखीचा. चोराच्या मनात चांदणं, तोंडावर दिसलं असणार.

१४ मार्च, शनिवार

नाही झोपलो. आता झोपायचंच नाही.

फळा कोरा ठेवला. वारा उत्तम, पाहुणे चिडले. मालकीणबाईंनी बाजूला घेऊन विचारलं, काय झालंय. त्या म्हणाल्या, सोमवारी जुने पाहुणे जाताहेत, नवे येताहेत, तुम्हाला जमत नसेल तर त्याच होडीने जा, राग नाही.

चारही किनारे फिरलो. समुद्र रिकामा. न लिहिलं तर तो येत नाही.

नेता किनारा लिहिला तर त्याला घेऊन जाईल — पण मग पोरीलाही. आणता लिहिला तर तो येतो. कुठलंही नाव लिहा —

दुपारी सोमवारच्या होडीची दोन तिकिटं सांगून ठेवली. माझं आणि चिऊचं. एक दिवस ढकलायचा, बस.

१५ मार्च, रविवार

तिसरी रात्र. खुर्चीत बसून, पाय बादलीतल्या गार पाण्यात ठेवून. अक्षर हलतंय.

आज नाव लिहावं लागलं. दिव्याचा. चिऊला म्हटलं पोट दुखतंय, माझ्याजवळ बस. बसली बिचारी. बाकीचे गेले, आले. केशरी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभी होती. पुढे येत नव्हती. वाट बघितल्यासारखी.

चिऊला सांगायला तोंड उघडलं. म्हटलं, चिऊ, काकाच्या बाबतीत — तिने माझा हात धरला, म्हणाली, "बाबा, तू स्वतःला दोष देत नको जाऊ. तू बघितलं होतंस ना दोरा." मी हो म्हटलं.

हो म्हटलं मी. पुन्हा.

संध्याकाळी फळा पुसला. दोनदा पुसला. फडकं खिशात आहे, ओलं आहे, आता हात लावून बघितला. फळा कोरा आहे. खिडकीतून वाकून बघितला. कोरा.

उद्या होडीत सांगेन. आधी नाही — होडीत. तिथून ती कुठे जाणार —

पाय गार पडलेत. डोळा लागता कामा नये. आज फक्त आजची —

१६ मार्च, सोमवार

दहा वाजून दहा.

खुर्चीतच. बादली कलंडलेली. उठवलं का नाही कुणी —

दाराखाली चिठ्ठी. बाबा, किती दिवसांनी शांत झोपला होतास, उठवलं नाही. होडीला वेळ आहे, शेवटची एक चक्कर मारून येते. फळा बघितलाय. चिऊ.

फळा. दिव्याचा किनारा. अक्षर माझं. मी लिहिलं नाही. पुसला होता, फडकं खिशात आहे —

खाली बोटभर पतंग. खडू ओला.

नऊचा खिळा रिकामा.

अंगणात कुणी नाही. मालकीणबाई, फुगा, सगळे धक्क्यावर, पाहुण्यांना पोचवायला.

दिव्याचा किनारा. ११ च्या आसपास

दोरा समुद्राकडे. ताठ. रात्रीतच फिरलाय वारा.

दोन काईटी. लांब. हिरवी लहान होत चाललीये. केशरी तिच्या शेजारी.

फुग्याला फोन लागला. बोट वळसा घालून येणार, चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत कुठे —

स्कूटरवर काईट आणलीये, फुगवली. रोजनिशी खांबाशी दगडाखाली ठेवतो. फुग्या, तुला सापडेल. चिऊ आली तर तिला दे. अकरा तारीख वाचायला सांग. मी झोपलो होतो, चिऊ. त्या दिवशी मी दोरा बघितला नव्हता, झोपलो होतो. हे तुला गुरुवारी जेवतानाच सांगितलं असतं, तर आज तू स्वतः दोरा बघितला असतास.

केशरी थांबलीये. तो हात करतोय. मला —

गुडघ्याचं काही नाही. जायला ताकद लागणार नाही, वारा नेता आहे, नेईल. तिला गाठीन. तिचा पट्टा माझ्या पट्ट्याला अडकवीन, आणि मग परत —